विकत घेतलेल्या खोक्याचं भाडं

ज्या बाईने तीसेक वर्षं शाळेची बस चालवली तिच्याशी वाद घालू नये, हे मॅकॅलिस्टर फेरी या आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कारण त्याच्या बापालाही तिनेच शाळेत नेऊन सोडलेलं असतं, आणि बाप कुठल्या वळणावर ओकला होता हेही तिच्या लक्षात असतं. केबल कंपनीला मात्र हे ठाऊक नव्हतं. कंपनीचं मुख्य ऑफिस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियाकडे. आमच्या या पोलादाच्या गावांत अजून माणसं राहतात की नुसती बंद पडलेली धुराडी उभी आहेत, एवढंही तिकडच्या लोकांना धड माहीत नसतं.

तर त्या कंपनीने आयरीन हुडककडे दर महिन्याला दहा डॉलर मागितले. कशाचे? तर तिच्याच घरातल्या, तिनेच रोख पैसे देऊन घेतलेल्या खोक्याचे.

खोकं घेतलं त्याला दोन वर्षं झाली होती. ईस्टरच्या आधीच्या उपवासातला शुक्रवार होता आणि अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, मांस वर्ज्य पण मासे चालतात म्हणून, माशांचं जेवण होतं. त्या दिवशी सगळा गाव तिथे लोटतो, नुसते कॅथलिकच नव्हे, कारण तळलेल्या माशाला धर्म नसतो. कंपनीच्या लोकांनी दारातच टेबल मांडलं होतं. टीव्हीला जोडायचं एक काळं खोकं. चालू मॅच त्यात थांबवता येते, मागे नेता येते, साठवून दुसऱ्या दिवशी बघता येते. टेबलावरच्या पोरीने हसून सांगितलं होतं, "एकदा घेतलं की तुमचं झालं, आजी. भाडं नाही, काही नाही."

आयरीनला टीव्हीचं वेड कधीच नव्हतं. तिने खोकं घेतलं ते नवऱ्यासाठी. अँडीची उमर पोलाद कारखान्यात, कोळसा भाजणाऱ्या कोक भट्ट्यांवर गेली आणि भट्ट्यांनी त्याची फुप्फुसं खाल्ली. आता नाकात ऑक्सिजनची नळी आणि बुडाखाली आरामखुर्ची, एवढाच त्याचा मुलूख. त्यात औषधं अशी, की संध्याकाळी बसल्या जागी डोळा लागायचा. या माणसाला आयुष्यात दोनच शौक, एक पिट्सबर्गचं आइस हॉकी आणि दुसरा आयरीनला चिडवणं. दुसरा कसाही भागायचा. पण मॅच सुरू झाली की दहाव्या मिनिटाला हा घोरायला लागायचा, आणि जाग यायची तेव्हा पडद्यावर बातम्यांमधली बाई हवामान सांगत असायची. त्या वेळचा त्याचा चेहरा आयरीनला बघवत नसे.

खोकं आलं आणि ते दुखणं संपलं. अँडी झोपायचा, उठायचा, रिमोटने मॅच मागे न्यायचा आणि जिथे डोळा लागला तिथून पुढे बघायचा. दोन वर्षांत त्याचा एकही गोल चुकला नाही.

मग कंपनीचा कागद आला. येत्या महिन्यापासून खोक्यावर मासिक सेवाशुल्क.

आयरीनने फोन केला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं सांगून एक बाई गाणं लावून गेली ती गेलीच. पुष्कळ वेळाने फोनवर एक मुलगा आला. त्याने समजावलं, की कार्यक्रमांची यादी तयार करावी लागते, ती खोक्यात पाठवावी लागते, त्याचे हे पैसे.

"मग मला यादी नको," आयरीन म्हणाली. "मॅच कधी असते ते माझ्या नवऱ्याला पाठ आहे. प्रार्थना विसरेल, पण ते विसरणार नाही."

"तसं वेगळं नाही करता येत, मॅडम. सेवा एकच आहे. शुल्क भरलं नाही तर खोकं थांबवणार नाही, साठवणार नाही, साठवलेलं दाखवणारही नाही."

"म्हणजे माझं खोकं मलाच बंद?"

मुलगा म्हणाला, की तो तिला पहिले तीन महिने माफ करू शकतो.

"भीक मागायला फोन नाही केला, बाळा," असं म्हणून आयरीनने फोन आपटला.

अँडीने आरामखुर्चीतून सगळं ऐकलं होतं. "दे की दहा डॉलर," तो म्हणाला. "एवढ्याला आपण काही रस्त्यावर येत नाही."

"दहाचा प्रश्न नाही. उद्या फ्रिजवाला आला आणि म्हणाला, बर्फ केल्याचे महिन्याला इतके द्या, नाहीतर दार उघडणार नाही. देशील?"

"हळू बोल. फ्रिजवाल्याने ऐकलं तर त्याला सुचेल."

"आणि बघ, पेपर बंद केला तर पेपरवाला तळघरात उतरून जुने पेपर उचलून नेतो का?"

"अगं, तुझं बरोबर आहे," अँडी म्हणाला. "पण बरोबर असण्याचं बक्षीस कोणी देत नाही."

आयरीनने पैसे भरले नाहीत. महिना उलटला आणि पडद्यावर निळी पाटी आली, कृपया या नंबरवर संपर्क साधा. त्यानंतर खोक्याने टीव्हीखाली बसून घड्याळ दाखवण्यापलीकडे काही केलं नाही.

अँडी चकार शब्द बोलला नाही. बोलला असता, चार शिव्या घातल्या असत्या, तर आयरीनला बरं वाटलं असतं. तो संध्याकाळी काळी कॉफी मागायला लागला. डॉक्टरने कॉफीला साफ मनाई केली होती. तिने दिली नाही. मग एकदा स्वयंपाकघराच्या दारातून तिने पाहिलं, की मॅच चालू आहे आणि अँडी आपल्याच दंडाला चिमटे काढतोय, जाग राहावी म्हणून. दंडावर निळे वळ उठले होते. ती पाठ फिरवून बेसिनशी उभी राहिली आणि स्वतःचाच तिला भयंकर राग आला. आपल्या ताठ मानेचं भाडं हा माणूस भरतोय, हे तिला कळत होतं. पण मान वाकवावी तर तीही वाकत नव्हती.

फेब्रुवारीत गावाच्या काउन्सिलची नोटीस लागली. खांबांवरून तारा नेण्याचा कंपनीचा करार संपत होता, तो पुढे पंधरा वर्षांसाठी करायचा की नाही यावर सुनावणी. बोलायचं त्याने यावं, नाव आणि पत्ता सांगावा, प्रत्येकाला तीन मिनिटं, मग घंटी.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बर्फ पडला, आणि पडला तो असा की गाड्यांचे नुसते उंचवटे दिसत होते. सुनावणीच्या दिवशी सकाळी आयरीनने फावडं घेतलं आणि घरासमोरची जागा उपसली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण कोणाला हात लावू दिला नाही. अँडीला कधी हॉस्पिटलात न्यावं लागेल याचा नेम नसतो, गाडी दारातच हवी. दुपार कलल्यावर ती गाडी घेऊन अँडीची औषधं आणायला निघाली, आणि निघताना त्या जागेत स्वयंपाकघरातली एक जुनी खुर्ची ठेवून गेली.

खुर्ची ठेवली की जागा राखलेली. हे कुठल्या कायद्यात नाही, पण आमच्याकडे चर्चमधला पैसा चोरणाऱ्याला एक वेळ माफी मिळेल, दुसऱ्याची खुर्ची हलवणाऱ्याला नाही.

ती परत आली तेव्हा दिवेलागण झाली होती. खुर्ची फुटपाथवर भिंतीला टेकवून ठेवली होती आणि जागेत एक चंदेरी गाडी डौलात उभी होती. आयरीनने ती अनोळखी गाडी पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला आपली गाडी पार उताराखाली लावावी लागली. औषधाची पिशवी सांभाळत, घसरत, शिव्या देत ती वर चढली, अँडीच्या हातात गोळ्या ठेवल्या आणि बूटसुद्धा न झटकता दोन घरं पलीकडच्या काउन्सिलच्या इमारतीत शिरली.

खोली भरली होती. मधल्या खुर्चीत चेट म्रोझेक, काउन्सिलचा अध्यक्ष. धंद्याने प्लंबर, आणि आयरीनच्या बसमधला जुना प्रवासी. समोर कंपनीचा माणूस उभा होता, ब्रेंट कॅल्डर नावाचा, तरुण, नीटनेटका, बोलायला गोड. करार झाला तर शाळेला फुकट इंटरनेट, बागेत नवे बाक, असं तो सांगत होता. मासिक शुल्काचा विषय त्याने स्वतःच काढला.

"कोणालाच शुल्क आवडत नाही, मलाही नाही," तो म्हणाला. "पण खोकं म्हणजे नुसतं खोकं नसतं. त्यामागे माणसं राबतात, रोज यादी करतात, बिघाड काढतात. त्यांचे पगार कुठून द्यायचे? खोकं विकून एकदा मिळालेल्या पैशात ते जन्मभर कसं चालवायचं?"

दोनचार माना डोलल्या. मुद्दा काही अगदीच टाकाऊ नव्हता, आयरीनलाही तो पटला, आणि पटला म्हणून आणखी राग आला. ती माइकशी गेली.

"आयरीन हुडक, फेरी स्ट्रीट. चेट, घंटी खाली ठेव. अजून सुरू केलेलं नाही."

"हो, मिसेस हुडक," चेट म्हणाला आणि त्याने घंटी खाली ठेवली.

"आधी एक सांगा. बाहेर ती चंदेरी गाडी कोणाची?"

ब्रेंट कॅल्डरने निरागसपणे हात वर केला. "माझी. आडवी आलीय का कोणाला?"

"तिथे एक खुर्ची होती."

"हो, कोणीतरी टाकून दिलेली जुनी खुर्ची होती. मी बाजूला ठेवली. नीट ठेवली, मॅडम, मोडली नाही."

खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला. मागच्या रांगेतून "अरे देवा" ऐकू आलं. चेटने डोळे मिटले. ब्रेंट सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता, पण आपलं काय चुकलं हे त्याला काही केल्या उमगेना.

"ती जागा मी सकाळी उपसली," आयरीन म्हणाली. "खुर्ची माझी."

"अच्छा," तो म्हणाला. आणि मग, तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं, पण म्हणाला, "पण मॅडम, रस्ता तर सार्वजनिक आहे ना? तो काही कोणाच्या मालकीचा नसतो."

"शंभर टक्के खरं," आयरीन म्हणाली. "रस्ता गावाचा. माझ्याकडे त्याची पावती नाही. तरी या खोलीतला एकही माणूस ती खुर्ची हलवणार नाही. हा चेट हलवणार नाही, आणि याच्याइतका आगाऊ पोरगा माझ्या बसमध्ये दुसरा नव्हता. का? तर म्हातारीने पाठ मोडून उपसलंय, तिचं तिला असू दे. एवढी साधी लाज आहे आम्हाला. आता माझ्या खोक्याचं बोलू. ते रस्त्यावर नाही, माझ्या घरात आहे. त्याची पावती माझ्याकडे आहे, आणि तुमच्याच पोरीने सांगितलं होतं की भाडं नाही. यादीचे पैसे घ्या! ज्याला यादी हवी त्याच्याकडून खुशाल घ्या, माणसं राबतात त्यांना पगार मिळू दे, माझा नवराही राबलेलाच आहे. पण थांबवायचं बटण माझं आहे. मागे न्यायचं बटण माझं आहे. जे आधीच साठवलंय ते माझं आहे. दोन वर्षं ते तुमच्या पगाराशिवाय चालत होतं, आता तुम्ही दुरून कुलूप घातलंत आणि किल्लीचं भाडं मागताय. मिस्टर, तुम्ही आज माझी एक खुर्ची हलवली नाही. तुम्ही या गावात घरोघरी शिरून खुर्च्या हलवताय."

घंटी वाजवायची वेळ केव्हाच होऊन गेली होती. चेटने ती वाजवली नाही. करारावरचं मतदान एक महिना पुढे ढकललं गेलं.

आयरीन घरी पोचून कोट काढते तोच दार वाजलं. बाहेर ब्रेंट कॅल्डर, कान लाल, हात काखेत.

"मॅडम, माझ्या गाडीवर कोणीतरी पाणी ओतलंय. दारं गोठलीत. उघडतच नाहीत."

आयरीनने डोकं बाहेर काढून पाहिलं. गाडी काचेच्या बरणीत घातल्यासारखी चकचकत होती. कोणीतरी चांगली नळी लावून, सावकाश, चाकापासून टपापर्यंत भिजवली होती. समोरच्या घराच्या पायऱ्यांवर डोलोरेस वुकोविच उभी होती. गुडघा दुखतो म्हणून ती सुनावणीला आली नव्हती.

"अगंबाई, काय ही थंडी!" डोलोरेस ओरडली. "बर्फ खरवडायला काही देऊ का त्याला? माझ्याकडे आहे तयार."

"दे," आयरीन म्हणाली. "आणि नळी आत घे, फुटेल."

गाडी सुटायला वेळ लागणार होता. पोराचे दात वाजत होते. आयरीनने त्याला आत घेतलं, कॉफी दिली आणि तव्यावरचे पिरोगीही, म्हणजे बटाट्याच्या छोट्या करंज्या, वाढले. भांडण वेगळं, भूक वेगळी. तो संकोचत बैठकीत बसला. टीव्हीवर मॅच सुरू होती आणि अँडी घोरत होता. ऑक्सिजनचं यंत्र फुसफुसत होतं. गोल झाला, लोक ओरडले, तरी अँडी हलला नाही. थोड्या वेळाने तो दचकून जागा झाला आणि त्याने सवयीने रिमोट उचलला, बटण दाबलं. निळी पाटी आली. त्याने रिमोट परत खुर्चीच्या हातावर ठेवला.

"किती झाले?" त्याने विचारलं.

आयरीनला ठाऊक नव्हतं. ब्रेंट कॅल्डर कॉफीच्या कपात बघत होता. मग त्याची नजर अँडीच्या वर सरकलेल्या बाहीखालच्या वळांवर गेली, आणि तिथून निळ्या पाटीवर. पोरगा वाईट नव्हता. त्याने खिशातून मोबाइल काढला.

"मिसेस हुडक, मी एक फोन केला की तुमचं खोकं आत्ता सुरू होईल. कायमचं. तुम्हाला शुल्क नाही, मी लिहून देतो. फक्त पुढच्या महिन्यात तुम्ही एवढंच म्हणा, की कंपनीने माझा प्रश्न सोडवला. ते खरंच असेल."

आयरीन उभी होती ती आरामखुर्चीच्या हातावर बसली. डोलोरेसचं खोकं, म्रोझेकच्या आईचं खोकं, टेकडीवरच्या एका आंधळ्या होत चाललेल्या मास्तरणीचं खोकं, सगळी तिच्या डोळ्यांसमोरून गेली. आणि मग दंडावरचे वळ दिसले. मॅच अजून चालू होती. आत्ता सुरू झालं तर पुढचा गोल तरी त्याला मिळेल. कोणासमोर कधी न वाकलेली बाई खाली मान घालून म्हणाली,

"करा फोन."

"थांब," अँडी म्हणाला.

त्याने नळी सारखी केली. त्याला लांब वाक्य बोलायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागे.

"फोन ठेव, पोरा."

"अँडी, अरे तुझी मॅच..." आयरीन म्हणाली.

"माझी ना? मग मी ठरवतो." त्याने श्वास घेतला. "पोरा, तू फुकट देतोयस. म्हणजे ते तुझं होतं, असं झालं. तू दिलंस म्हणून मिळालं." पुन्हा श्वास. "मला फुकट नको. मी पैसे मोजलेत."

"पण सर, तुम्हाला मॅच बघता येईल."

"डोलोरेसला?"

ब्रेंटने कप खाली ठेवला. त्याने मोबाइल खिशात टाकला, पिरोगीची बशी स्वतः बेसिनमध्ये नेऊन ठेवली आणि दारातून डोलोरेसची खरवडणी घेऊन बाहेर गेला. बराच वेळ बर्फ खरवडण्याचा आवाज येत राहिला.

"तूच म्हणायचास ना, दे दहा डॉलर आणि सोड?" आयरीन म्हणाली. "मी सोडलं, तर आता तू धरून बसलास!"

"दहा दिले असते तर आपण हरलो असतो. हरायला माझी हरकत नव्हती," अँडी म्हणाला. "पण ह्याने आपल्याला विकत घेतलं असतं." तो दमला होता, तरी हसला. "पुढच्या मीटिंगला मी येणार. मला तीन मिनिटांत दोनच वाक्यं होतील. पुरतील."

त्याने डोळे पडद्यावर रोखले, दंडाकडे हात नेला. आयरीनने तो हात धरला आणि खाली ठेवला.

"झोप," ती म्हणाली. "मी बघते."

"तुला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"झोप म्हटलं ना!"

तो झोपला. आणि जिने चाळीस वर्षांत हॉकीची एक मॅच धड पाहिली नव्हती ती आयरीन हुडक पुढे सरकून, भिवया आवळून, बसच्या आरशात मागच्या बाकाकडे बघावं तशी पडद्याकडे बघत राहिली. पंचाला तिने दोनदा मोठ्याने शिव्या दिल्या. मॅच संपली तरी टीव्ही बंद केला नाही. हवामान सांगणारी बाई आली तेव्हा अँडीने डोळे उघडले.

"काय झालं?"

"जिंकलात. पण आधी सगळं ऐक. तो दारातला जाडा आहे ना, तो एका बाजूला पडला..."

"गोलकीपर. आणि तो पडत नाही, तो मुद्दाम..."

"मी सांगतेय की तू?" आयरीन म्हणाली.

अँडीने रिमोट बाजूला ठेवला, आणि ती स्वतः पाहिलेल्या पहिल्या गोलपासून सांगायला लागली.